सातव्या धड्यातली आत्या

११ सप्टेंबर

आत्याचा फोन! तोही ऑफिसच्या नंबरवर. बाबा गेले तेव्हा ती आली होती, मी कॉलेजात होते. त्यानंतर दोन-चारदा बोलणं झालं, मग तिने टाळलं की मी, आता आठवत नाही. बहुधा मीच. लग्न केलंस का, मुलंबाळं काय, काही विचारलं नाही. म्हणाली, "सातवीचं इतिहासाचं पुस्तक नवीन निघतंय म्हणे. खरं का?"

हो म्हटलं. पाठ्यपुस्तकांचं ऑफिस, पानांची मांडणी माझ्याकडे. पुस्तक माझ्याच टेबलावरून जाणार.

"मग या वेळी मला जिवंत छाप," म्हणाली. आणि ठेवला फोन.

मी तशीच उभी. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, काय गं, बरं आहे ना घरी? म्हटलं, हो, आत्या होती. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, तुला आत्या आहे? लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हा प्रश्न! पण त्याची तरी काय चूक. नदीपलीकडच्या आपल्या माणसांबद्दल आमच्या घरात बाबाच कधी बोलले नाहीत, मग मी काय बोलणार.

माझा ठावठिकाणा कसा लागला म्हणावं, तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात माझं नाव असतं — मांडणी : अमुक अमुक. बाबांनी शहरात येऊन आडनाव छाटलं होतं, कुणाचंही वाटेल असं केलं होतं. आत्याला ते छाटलेलं आडनाव पाठ होतं तर.

पण जिवंत छाप म्हणजे काय?

१२ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत जुनं सातवीचं काढलं. धडा सातवा, 'आपले पल्याडचे बांधव'. चार पानं. नदीपल्याडच्या डोंगरात राहतात म्हणून पल्याडचे — हे नावही अलीकडच्यांनीच ठेवलेलं. पुस्तकात बाकी सगळ्यांना लढाया आहेत, तह आहेत, बंडं आहेत. पल्याडच्यांना टोपल्या आहेत. 'पल्याडचे लोक साधे, भोळे व नृत्यप्रिय असतात.' असतात! कुठून आले, काय सोसलं, कुणाशी भांडले, काही नाही. डोंगरावर झाडं असतात तसे नुसते असतात.

आणि तो फोटो. विणलेली शाल, खांद्यावर मोठी गाठ, हसरी मुलगी. खाली 'पारंपरिक वेशातील पल्याडची तरुणी'.

हा धडा मी शिकलेय. बाईंनी वाचायला घेतला की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा, कारण बाबांना सगळ्यांनी बघितलेलं; आडनाव छाटता आलं तरी त्यांना तोंड कुठे छाटता येणार. "ए भोळे, नाचून दाखव!" घरी पाठ करायला बसले की बाबा उठून काहीतरी दुरुस्त करायला जायचे. वायरमनच ते, त्यांना दुरुस्तीला कुठे तोटा! मला वाटायचं, आवाजाचा त्रास होतो त्यांना. मी मनात पाठ करायला लागले.

आज भिंग घेऊन बघितलं. जुळलेल्या भुवया, त्यातली एक जरा चढलेली. बाबांची भुवई! ती मुलगी म्हणजे आत्या आहे. अठरा-एकोणीस वर्षांची.

लगेच फोन लावला. ती शांतपणे सांगत होती, एखाद्याला माप सांगावं तशी. आमच्यात जिवंत माणसाची गाठ डाव्या खांद्यावर. मेलेल्याची उजव्या. एवढंच. फोटोवाला आला तेव्हा नवी शाल काढून डावीकडेच बांधली होती, तिच्या आईने स्वतः ओढून घट्ट केली होती. पुस्तक छापून आलं तेव्हा गाठ उजवीकडे.

"मी समोर उभी होते धडधडीत," म्हणाली, "तरी आई पुस्तक बघून रडली."

तेव्हा मला बाबा आठवले. अंगणात ठेवलं होतं त्यांना. कुणालाच काही माहीत नव्हतं, आई नुसती बसून. आत्या आली, पिशवीतून शाल काढली, त्यांना गुंडाळलं, आणि गाठ ओढून ओढून उजव्या खांद्यावर नेली. मी बघत होते. आयुष्यात बाबांच्या अंगावर ती शाल मी तेवढी एकदाच बघितली.

फोटो कसा उलटला असेल हे मला कुणी सांगायला नको. मांडणीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात — चित्रातल्या माणसाने पानाच्या आत बघायचं, बाहेर नाही. फोटो बसवलाय पानाच्या डाव्या कडेला, आत्या बघत होती डावीकडे, म्हणजे पुस्तकाबाहेरच. कुणीतरी निगेटिव्ह उलटी लावली. दोन मिनिटांचं काम. मी स्वतः किती केलंय — शेतकरी, शिपाई, गायी. गायींना काय फरक पडतो!

१३ सप्टेंबर

दिवसभर त्या पानाकडे बघत बसले. काम शून्य.

१९ सप्टेंबर

संग्रहातले काका सुट्टीवरून आले एकदाचे. जुन्या फोटोंची खोली उघडून मागितली. कशाला हवंय, कुणी सांगितलं, अर्ज कुठाय — सगळं झालं. मग स्वतःच शिडीवर चढले. चांगले आहेत, फक्त आधी नाही म्हणायची सवय.

मूळ फोटो मिळाला! तळहाताएवढा, कडा पिवळ्या. गाठ डाव्या खांद्यावर. आत्या डावीकडे, फोटोच्या बाहेर बघतेय. तिकडे कोण होतं? आजी? बाबा? बाबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे, तिथेच कुठे तरी दंगा करत असतील आणि ती त्यांनाच हसत असेल. मला ते बघायला किती आवडलं असतं. बाबा दंगा करताना!

काका म्हणाले, काय झालं, धूळ गेली का डोळ्यात? म्हटलं, हो.

२८ सप्टेंबर

पल्याड जाऊन आले. घरी सांगितलं, कामानिमित्त. खोटंही नाही.

पूल ओलांडला की मला काहीतरी वाटेल, आतून ओढ-बिढ, असं उगीच मनात धरलं होतं. काही वाटलं नाही. बसमध्ये सगळे भराभरा त्यांच्या भाषेत बोलत होते आणि मी खिडकीबाहेर बघत गप्प. मला तीन शब्द येतात — पाणी, ये, आणि एक शिवी. बाबांना शॉक बसला की ते ती द्यायचे. आपल्याच माणसांत जाऊन पाहुण्यासारखं बसायचं, याचा मला इतका राग आला! राग कुणाचा तेही कळेना.

आत्याचं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, पुढची खोली, दोन मशिनी. शाळेचे गणवेश शिवते. मला दारात बघितलं आणि काही न बोलता आधी खांद्याला टेप लावली. "भावाचाच खांदा," म्हणाली. मग जवळ घेतलं. मी एवढी घोडी झालेय, पण रडले.

हळूहळू सांगितलं तिने. तिचं लग्न ठरलं होतं, सुताराच्या घरी. पुस्तक आलं, मुलाच्या आईने बघितलं. म्हणे, हिचा मरणाचा फोटो गावोगावच्या शाळांत गेलाय, असली सून घरात नको. चूक छापणाऱ्यांची, हे त्यांनाही कळत होतं. पण मनात एकदा आलं ते आलं. आणि तो? तो काही बोलला नाही. त्याने दुसरी केली. आता त्याच्या नातवंडांचे गणवेश आत्या शिवते.

"नाक त्याच्यावर गेलंय सगळ्यांचं," म्हणाली. "कापड फुकट घालवण्यासारखं नाक नव्हतं ते, पण तेव्हा मला कळत नव्हतं."

हसलो दोघी. मग ती हसायची थांबली.

माप द्यायला येणारं प्रत्येक पोर दप्तरातून पुस्तक काढून विचारतं — आजी, ही तूच का? ती हो म्हणते. दरवर्षी नवी पोरं, दरवर्षी हो. आणि कहर म्हणजे शाळेच्या कार्यक्रमात मुलं शाली बांधतात त्या उजव्या खांद्यावर. आईबाप शहरात कामाला, घरी दाखवणारं कुणी नाही, बघतात ते पुस्तकात. सगळी पोरं रांगेत, गाठी उजवीकडे. म्हाताऱ्या माणसांनी बघायला जाणं सोडून दिलं. आत्या एकदा हेडमास्तरांकडे गेली. हेडमास्तर नदीअलीकडचे. त्यांनी पुस्तक उघडून तिला तिचाच फोटो दाखवला. म्हणाले, हे बघा, असं असतं.

"तरुणपणचा माझा दुसरा फोटो नाही," म्हणाली. "आहे तो मेलेला. एकदा नीट बघायचंय गं मला. पोरांनाही दाखवायचंय. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मी वचन देऊन आले. वचन! मी कोण, मांडणीवाली. मला फोटोची जागा बदलता येते. फोटो सुलटा करायचा तर समितीने ठरवायला हवं.

निघताना विचारलं, आपण आपल्याला काय म्हणतो? पल्याडचे तर नाही ना म्हणत? तिने सांगितलं. मी म्हणून बघितलं, ती म्हणाली, असं नाही, घशातून. परत. परत. बस येईपर्यंत आम्ही तेच करत होतो, लोक बघत होते. इथे लिहून बघितलं, पण आपल्या अक्षरांत बसत नाही. खोडलं.

२९ सप्टेंबर

भांडी घासताना तो शब्द म्हणत होते. लेक म्हणाली, आई, घसा दुखतोय का?

७ ऑक्टोबर

आज समितीची बैठक.

साहेब, संपादकबाई, इतिहासाचे तज्ज्ञ सर आणि कोपऱ्यात मी. सातवा धडा दहा मिनिटांत उरकायचा होता. चहा आला होता. मी मूळ फोटो पुढे केला आणि म्हटलं, पुस्तकातला उलटा छापलाय, दुरुस्त करू या.

सरांनी चष्मा वर केला. असं काही नाही म्हणाले. ते स्वतः तीन वर्षांपूर्वी पल्याड जाऊन आलेत, शाळेचा कार्यक्रम बघितलाय, फोटो काढलेत. सगळ्या मुलांच्या गाठी उजव्या खांद्यावर. मोबाइलमध्ये दाखवलेसुद्धा! संपादकबाई म्हणाल्या, बरोबर तर आहे मग.

मला हसू आलं आणि संतापही. म्हटलं, सर, ती मुलं आपल्या पुस्तकातून शिकली. आपण चूक छापली, त्यांनी तशी बांधली, आणि आता तुम्ही त्यांच्याकडे बघून म्हणताय पुस्तक बरोबर.

साहेब म्हणाले, हे तुम्ही कशावरून म्हणता? काही आधार?

एवढी वर्षं मी या ऑफिसात आहे. पल्याडच्यांवरून विनोद झाले तेव्हा मी झेरॉक्स काढायला उठलेय, डबा धुवायला उठलेय. अगदी बाबांसारखी. आजही उठता आलं असतं.

म्हटलं, "ती माझी आत्या आहे."

साहेबांनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. संपादकबाईंनी माझा हात धरला. "अगं, पण तू तशी वाटत नाहीस," म्हणाल्या. अगदी मायेने. मला धीर देत होत्या त्या! सर म्हणाले, मग तुमचाच एक फोटो का घेऊ नये, पोशाखात, रंगीत? म्हटलं, सर, मला ती शाल बांधता येत नाही.

हे मोठ्याने बोलल्यावर मलाच कसंतरी झालं.

शेवटी साहेब म्हणाले, फोटो सुलटा करा, पण पान बिघडवू नका. पुढचा धडा घ्या.

झालं! एवढंच होतं? जीव मुठीत धरून बसले होते मी.

८ ऑक्टोबर

ऑफिसात सगळ्यांना कळलंय. शेजारच्या टेबलावरची दिवसभर माझ्याशी जरा जास्तच गोड. बिचारी.

लेकीला सांगितलं. ती पुढच्या वर्षी सातवीत. विचार करून म्हणाली, "म्हणजे मी धड्यात आहे?"

म्हटलं, पाव. मी अर्धी, तू पाव.

"आणि बाबा?"

तुझे बाबा धड्याबाहेर. तर नवरा म्हणतो, भोळा मात्र मीच एकटा आहे या घरात. खूप हसलो. मग ती आत जाऊन आरशासमोर भुवया बघत उभी राहिली. किती वेळ! तिला मी आत्याकडे आधीच न्यायला हवं होतं.

१५ ऑक्टोबर

फोटो सुलटा केला की आत्या पानाबाहेर बघते. फोटो उजव्या कडेला नेला तर आत बघेल, पण तिथे नकाशा. नकाशा खाली सरकवला तर 'तुम्हाला माहीत आहे का?' ही चौकट जाते कुठे? त्या चौकटीत लिहिलंय काय तर पल्याडचे लोक मध गोळा करतात. माहीत आहे, माहीत आहे! चौकट निम्मी केली, नकाशा खाली, आत्या वर. बसली. बघतेय मजकुराकडे.

मग म्हटलं, हात घातलाच आहे तर. सरांकडे गेले. 'साधे, भोळे व नृत्यप्रिय' यातलं काही कमी करता येईल का? भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस. 'भोळे' सोडायला तयार झाले, 'साधे' नाही. मी म्हटलं, 'नृत्यप्रिय' तरी. म्हणाले, अहो, मुलांना काहीतरी आनंदी हवं ना. शेवटी 'साधे व नृत्यप्रिय' वर सौदा पटला. शिवाय एक ओळ नवीन मिळवली — 'पुलाच्या बांधकामात या लोकांचा मोठा वाटा होता.' पूल बांधताना आजोबांचे दोन भाऊ गेले, असं आत्या म्हणाली होती. ते नाही घेता आलं. पण पूल आला! धड्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी केलं.

फोटोखाली नाव घालू का विचारलं. साहेब म्हणाले, अति करू नका.

आत्याला फोनवर वाचून दाखवलं. नृत्यप्रिय ऐकून म्हणाली, नाचतंय कोण, गुडघे गेले माझे.

२ नोव्हेंबर

छापण्याआधी तपासायला काढलेलं पान घेऊन पल्याड गेले. या वेळी लेकीला घेऊन. बसमध्ये ती बिनधास्त शेजारणीशी बोलायला लागली, शब्द विचारायला लागली. मला या वयापर्यंत न झालेलं धाडस हिला पहिल्या अर्ध्या तासात!

आत्याने हात धुतले, पुसले, चष्मा लावला. पान टेबलावर पसरलं. बघत राहिली. मग म्हणाली, "ही कोण?"

म्हटलं, तूच आत्या. सुलटी.

"मी नाही ही." पान उजेडाला धरलं, जवळ घेतलं, लांब नेलं. आयुष्यभर ती स्वतःला आरशात बघत आली आणि पुस्तकात, दोन्हीकडे उलटी. सुलटं तोंड तिने कधी बघितलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "अगं, ही तर आई."

आणि रडायला लागली. आजीचा एकही फोटो नाही. भांग त्या बाजूला, भुवई त्या बाजूला, ओठांचा तो कोपरा — सगळं आईचं, म्हणाली. अशी दिसते मी? मला कुणी सांगितलं नाही. लोकांना मी आईसारखी दिसत होते आणि मलाच माहीत नाही!

मी पण बघितलं. मला आजी माहीतच नाही, त्यामुळे मला ती आत्याच दिसत होती. पण इतकं वाटलं, इतकं वाटलं की मलाही दिसावी. कुणीतरी आपल्याला सांगावं, तू अमक्यासारखी दिसतेस. आयुष्यभर मला सगळे सांगत आले, तू तशी वाटत नाहीस.

नंतर आत्याने लेकीला शाल बांधून दिली. मग मला. माझी गाठ सारखी सुटत होती. मग ती मागून आली, माझे हात धरले, दोन वेळा माझ्याच हातांनी बांधून घेतली. तिच्या बोटांना सुईचे खरखरीत घट्टे आहेत. गाठ डाव्या खांद्यावर बसली. जड असते ती. मला वाटलं होतं हलकी असेल.

पान मी परत आणलं, साहेबांची सही व्हायचीय त्यावर. आत्या म्हणाली, ने ने, मला पुस्तकच हवं. पोरांच्या हातात असतं तसलं.

३ नोव्हेंबर

खांदा दुखतोय. बरं वाटतंय.

२१ नोव्हेंबर

सह्या झाल्या. पुस्तक छापखान्यात गेलं. संपादकबाईंनी पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, नेहमीप्रमाणे. मी सातव्या धड्याचं पान शेवटचं उघडून बघितलं आणि बंद केलं.

आत्याला कळवलं. ती म्हणाली, जानेवारीत नव्या वर्षाची शाळा उघडली की गणवेशाची गर्दी असते, तेव्हा पोरांना एकेकाला दाखवीन. रांगेत उभी करीन. आणि गाठ कुठे बांधायची ते तिथल्या तिथे शिकवीन, आता कुठला हेडमास्तर काय बोलतो बघू.

तिचा आवाज तरुण झालाय. खरंच.

१२ डिसेंबर

बाबांची फार आठवण येतेय. त्यांना कसलीच वायर जोडायची नसती, आणि मी त्यांच्यासमोर बसून मोठ्याने धडा वाचला असता. पुलाची ओळ वाचली असती. ते उठून गेले नसते असं वाटतं. निदान एवढं विचारलं असतं की तुमची स्वतःची शाल तुम्ही पेटीत ठेवली होती का, की टाकून दिली. बांधावीशी वाटायची का कधी, दार लावून, एकटे असताना?

आईला विचारलं. ती म्हणाली, मला नाही माहीत बाई, त्यांनी कधी बोलू दिलं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, झोपेत बोलायचे त्यांच्या भाषेत. काय ते कळायचं नाही. मी हात ठेवला की थांबायचे.

३० डिसेंबर

आत्याचा फोन. आलं का पुस्तक? नाही अजून. छापखान्यातून थेट शाळांना जातात, आम्हाला मागाहून प्रती मिळतात. तिने दुकानाची भिंत पांढरी करून घेतलीय म्हणे. कशाला, तर असंच.

शब्द म्हणून दाखवला. म्हणाली, आता बरोबर.

९ जानेवारी

पुस्तक हातात आलं. माझं नाव शेवटच्या पानावर, नेहमीसारखं.

आम्ही सोडल्यानंतर वरून एक संदेश थेट छापखान्यात गेला होता, सुरुवातीला घालायला. शीर्षक 'आपण सारे एक'. चार पानी. पानं वाढवायची परवानगी नव्हती, म्हणून चार पानांचा धडा काढला. सातवा. साहेब म्हणाले, त्यांनाही छापून झाल्यावरच कळलं. आठव्यालाच आता सातवा आकडा दिलाय.

आत्ता आत्याचा फोन आला. पुस्तकं तिकडच्या शाळेत पोचलीत. मुलांना दुकानात बसवलंय, चष्मा पुसून ठेवलाय. मागून पोरांचा आवाज येत होता, पानं उलटल्याचाही. दोनदा पुढून बघितलं, एकदा मागून, सापडत नाही म्हणते.

"कितवं पान गं?"